राहिलेले देणे

आम्ही नगर जिल्ह्यातील एका शाळेत इंग्रजी शिकवीत असता एका विद्यार्थ्याने ‘अंगात घाल’ या अर्थी ‘पुट ऑन इट’ असे लिहिले. आम्ही गुण कापला. तो म्हणाला, “गुरुजी, ‘पुट ऑन द कोट’ चालते, ‘पुट द कोट ऑन’ही चालते, मग ‘इट’ला मधलीच जागा का?” “रीतच तशी!” असे दरडावून आम्ही त्यास खाली बसविले.

सेवानिवृत्तीनंतर अष्टाध्यायी पुन्हा उघडली, तेव्हा उत्तर सापडले. उपसर्ग धातूपूर्वी यावा. वेदांत मात्र तो धातूनंतर किंवा अंतर ठेवूनही येतो, असे पाणिनी सांगतो. तसेच ‘मे’, ‘ते’ ही आघातहीन सर्वनामरूपे वाक्यारंभी उभी राहू शकत नाहीत. इंग्रजीतही काहीसे तसेच आहे. ‘ऑन’ क्रियापदाचा सोबती असूनही दुरून साथ देतो. आघातहीन ‘इट’ मात्र क्रियापदाला बिलगून राहते आणि शेवटचा आघात ‘ऑन’ उचलतो.

परवा नातीने हाच प्रश्न केला, “आजोबा, असे का?” आम्ही तिला शेजारी बसवून सर्व सांगितले. तिचे समाधान झाले. आमचे झाले नाही. त्या मुलाचा गुण आम्ही न्यायाने कापला होता; उत्तराचे देणे मात्र अद्याप आमच्या माथी आहे.