कलम, दौत आणि मॅजिक बुक

मुंबईला गेलं की मुलांना राणीची बाग आणि चौपाटी दाखवायची, हा आपल्याकडचा रिवाज. या मे महिन्यात मी बहिणीच्या मुलीला घेऊन चिपळूणहून गेले, तेव्हा एक अख्खी सकाळ क्रॉफर्ड मार्केट ते भेंडीबाजार या पट्ट्यातल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांसाठी राखून ठेवली होती. भाची सहावीत, मराठी माध्यमात शिकते. उर्दू बोलते, समजते; लिहिता-वाचता येत नाही. आज आपल्या कितीतरी घरांत हीच स्थिती आहे.

सीएसएमटीहून चालत गेलं की थोड्याच वेळात क्रॉफर्ड मार्केट येतं. तिथून जवळच अब्दुल रहमान स्ट्रीट. हा स्टेशनरीचा घाऊक बाजार. वह्या, डायऱ्या, चमचमत्या शाईची पेनं, फळांच्या आकाराचे खोडरबर, कुलपाची रोजनिशी! मुलांचे डोळे विस्फारावेत असा माल, तोही डझनाच्या भावाने. शाळेच्या बक्षिसांसाठी मी दरवर्षी इथूनच खरेदी करते.

तिथून पुढे मोहम्मद अली रोडला लागलं की डोक्यावर उड्डाणपूल आणि खाली अत्तर, टोप्या, मिठाई. मिनारा मशिदीच्या आसपास धार्मिक आणि उर्दू पुस्तकांची दुकानं आहेत. आम्ही शिरलो ते दुकान अरुंद, पण छतापर्यंत भरलेलं. कुराण शरीफच्या प्रतींशेजारी शब्दांवर टेकवताच तिलावत ऐकवणारं पेन, बोटात घालायचा तसबीह मोजण्याचा काउंटर, नमाजचा स्टिकर-तक्ता, लाकडी अक्षरांचं कोडं आणि ‘मॅजिक बुक’. या वहीत अक्षरं खोदलेली असतात. खाचेतून पेन फिरवायचं. थोड्या वेळाने शाई आपोआप उडून जाते आणि पान पुन्हा कोरं.

‘खाला, चुकलं तरी कुणाला कळणारच नाही!’ भाची म्हणाली. मला आमची तख्ती आठवली. लाकडी पाटीला मुलतानी माती फासायची, वाळली की बोरूने लिहायचं, मग धुऊन पुन्हा माती. तत्त्व तेच. चूक पुसली जाते, हात मात्र वळण लक्षात ठेवतो. म्हणून अशा वस्तूंना निव्वळ खेळणी समजून नाकं मुरडू नयेत. लहान मूल लिपीच्या घरात बहुधा खेळाच्याच दाराने शिरतं.

दुकानाच्या कोपऱ्यात तिरपा काप दिलेली बोरूची कलमं होती. दुकानदार चाचांनी एक शाईत बुडवून कागदावर टेकवलं. चौकोनी ठिपका उमटला. हा नुक्ता म्हणजे खत्तातीची मोजपट्टी. नस्तालीकमधला अलिफ साधारण तीन नुक्त्यांइतका उंच धरतात. अक्षरं अशी नुक्त्याने मापण्याची पद्धत दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला यांनी घालून दिली असं मानतात. भाचीने ठिपके मोजत अलिफ काढला. वाकडा आला, पण तिचा स्वतःचा!

मग मी तिला आमच्या वर्गातला खेळ सांगितला. तुझ्या मराठी शाळेतले शब्द बघ: कागद म्हणजे आपला कागज, दप्तर म्हणजे दफ्तर, शाई म्हणजे सियाही, दौत म्हणजे दवात. आणि कलम? ते कायद्यातही आहे आणि आपल्या हापूसच्या बागेतही. मोडी लिहिणारे कारकूनही बोरूच वापरत. लिपी दोन, पण लिहिण्याचं सामान एकच.

हे सारं कशासाठी? माझ्या अब्बांनी जहाजावरून धाडलेली पत्रं घरच्या ट्रंकेत आहेत, सगळी उर्दूत. ती वाचता येणाऱ्या आता आम्ही दोघी-तिघीच. आमच्यानंतर ती नुसती जुनी कागदं होतील. कुणी मोठ्याने वाचून दाखवलं तर मजकूर कळेल; पण आजोबांचा हात कुठे थांबला, कुठे घाईत गेला, हे ज्याचं त्यालाच वाचावं लागतं.

एक गोष्ट खटकली. मुलांसाठी उर्दू, हिंदी, इंग्रजी पुस्तकं बरीच होती, मराठी मोजकीच. विचारलं, तर चाचा म्हणाले, ‘मागणारे आले की ठेवतो, बाई.’ मुद्दा रास्त आहे. मागितलंच नाही, तर दुकानदार ठेवणार तरी कशाला?

तेव्हा मुंबईला जाल तर मुलांसह इथे जरूर जा. रविवार आणि जुम्म्याच्या नमाजची वेळ टाळा. चार-पाच वर्षांच्या मुलाला मॅजिक बुक घ्या, आठ-नऊच्याला बोरू आणि शाई. मराठी पुस्तकं मागा. नसली तरी मागा. आणि घरी आल्यावर रोज दहा मिनिटं मुलाशेजारी बसा. खरेदी एका दिवसाची असते, अक्षर बसायला पुढचे महिने लागतात. भाचीचे आत्ता ‘जीम’पर्यंत झाले आहे.