पाण्यापलीकडचे हात

रविवार. मंडळीतल्या आम्ही दोघी आज पुन्हा ऐकू न येणाऱ्यांना शोधायला निघालो. देवाचं वचन त्यांच्या भाषेत, हातांच्या खुणांनी पोहोचवावं म्हणून. पैठण गेटपासून गुलमंडीपर्यंत विचारत गेलो. "मुका? हाय की, त्या टेलरकडं काज-बटन करतो," चहावाला म्हणाला. दुकान बंद होतं. त्या माणसाचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

२०११च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. आणि आम्हाला अख्ख्या सकाळीत एक सापडेना.

परतताना पाणचक्कीवर टेकलो. हौदात कोसळणाऱ्या पाण्याच्या आवाजात आम्हाला एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. पलीकडे दोन तरुण हातांनी बोलत होते, मध्येच हसत. पाण्याचा त्यांना काहीच अडथळा नव्हता. मी उठले, पुन्हा बसले. त्यांच्या गप्पांत आपलं वचन घेऊन शिरावं, असं वाटेना. इतके दिवस वाटायचं, हरवलेत ते आणि शोधतेय मी.

एकानं माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. पुढची खूण आठवेपर्यंत ते निघून गेले होते.