वहीतला रकाना

आमच्या निफाडच्या बागेत फवारणीची एक वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लांबोडकी, पानांच्या कडा औषधांच्या डागांनी पिवळ्या पडलेली. कोणत्या तारखेला कोणत्या प्लॉटला काय मारलं, लिटरला किती, आणि त्यानंतर काढणीला किती दिवस थांबायचं, सगळं दादाच्या हातचं. फळात उरणाऱ्या औषधाच्या, म्हणजे रेसिड्यूच्या, मर्यादेसाठी त्या वहीत वर्षानुवर्षं एकच रकाना होता. त्याच्या डोक्यावर ‘युरोप’ लिहिलेलं असे. २०२१ च्या हंगामात दादाने पट्टी घेतली, त्याच्या शेजारी आणखी एक रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘इंग्लंड’.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं त्यावर मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ ऐकलं. पण तो विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे आधी ती रेघ येते आणि तिच्या मागोमाग एक म्हातारा शेतकरी.

२०१६ चा मार्च होता. मी तेव्हा पिंपळगावच्या एका निर्यातदाराकडे नोकरीला होतो. आपली द्राक्षं तिकडच्या दुकानात पोचेपर्यंत त्यांचं काय होतं ते बघून ये, म्हणून मालकांनी मला लिंकनशायरमधल्या स्पॉल्डिंगला पाठवलं होतं. भाजीपाला आणि फळं पॅक करून देशभर पाठवणारं ते गाव. पॅकहाउसमध्ये पांढरे डगले घातलेल्या बाया आमच्या पेट्या फोडत होत्या, घड उचलून बघत होत्या, कात्रीने खराब मणी काढत होत्या. अगदी आमच्या वहिनी आणि काकू इकडे काढतात तशाच. फक्त आपसातलं बोलणं लिथुआनियन आणि पोलिश.

दुपारी तिथल्या एका माणसाने मला आपल्या सासऱ्यांचं शेत दाखवायला नेलं. असा सपाट मुलूख मी जन्मात पाहिला नव्हता. बांध नाही, टेकडी नाही, नुसती काळी जमीन, सरळ रेषेत गेलेले पाण्याचे चर आणि उरलेलं सगळं आभाळ. या भागाला फेन्स म्हणतात. एके काळी ही दलदल होती. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मुइडेन नावाच्या डच इंजिनिअरने फेन्समधलं पाणी काढायची मोठी कामं केली आणि दलदलीची जमीन झाली. शेजारचं बॉस्टन तर त्याच्याही आधीपासून समुद्रापलीकडे बघत जगलेलं. तेराव्या शतकात इंग्लंडची लोकर जिथून परदेशी जाई त्या मोठ्या बंदरांत त्याची गणना होती, जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची तिथे वखार होती. त्या पैशावर उभ्या राहिलेल्या सेंट बोटॉल्फ चर्चचा मनोरा मैलोन् मैल दिसतो.

सासरे सत्तरीच्या पुढचे होते. बुटांना चिखल, हात आमच्या आप्पांसारखे. मी द्राक्षवाला आहे कळल्यावर ते मोकळे बोलायला लागले. त्यांच्या रेपसीडला बियाण्यावर लावायचं एक औषध मधमाश्यांसाठी घातक म्हणून २०१३ साली ब्रसेल्सने बंद केलं होतं, आणि तेव्हापासून कोवळी रोपं किडे खाऊन टाकत होते. ते म्हणाले, “माझ्या रानात मी काय पेरायचं, काय मारायचं, हे ज्यांनी माझं रान पाहिलेलं नाही ते ठरवतात. मला कोणी विचारतं का?” मग दवाखान्यातल्या नंबराबद्दल बोलले, नातीच्या शाळेबद्दल बोलले. त्यांच्या रागाला आधार होता. २००४ साली पूर्व युरोपातले देश संघात आले तेव्हा बहुतेक जुन्या सभासदांनी कामगारांसाठी दार हळूहळू उघडलं. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडनने ते पहिल्याच दिवशी उघडलं. बॉस्टनची वस्ती २००१ मध्ये पंचावन्न हजारांच्या आसपास होती, दहा वर्षांत ती चौसष्ट हजारांवर गेली. माणसं आली, कोबी कापला गेला, पॅकहाउसं चालली. दवाखाने आणि शाळा मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, ती मी सांगितली नाही. पाहुणा होतो, इंग्रजीही अडखळत होतं. ती गोष्ट २०१० सालची.

त्या वर्षी नाशिकच्या द्राक्षांत सीसीसी नावाचं औषध सापडलं. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा म्हणून आम्ही ते मारत असू. युरोपात मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅमची. रॉटरडॅमला कंटेनर अडकले, माल पडून राहिला, भाव कोसळले. आमचाही एक कंटेनर त्यात होता. आप्पांनी सोसायटीचं कर्ज फेडायला दोन वर्षं घेतली आणि बहिणीचं लग्न पुढे गेलं. तो आकडा ठरला तेव्हा निफाडला कोण विचारणार होतं? आम्ही त्या पंगतीतले नव्हतोच. आम्ही दारात उभे राहून टोपली पुढे करणारे. माल हवा तर या मापाने आणा, नाहीतर घेऊन जा. मी तक्रार करत नाही, विकायला गेलेल्याची जागा तीच असते. पण समोरच्या म्हाताऱ्याचा पाट त्या पंगतीत मांडलेला होता. २०१३ मध्ये त्याच औषधाच्या बंदीविरुद्ध ब्रिटनने मत दिलं होतं. हरले, हे खरं. पण मत होतं, आणि ते आम्हाला केवढी मोठी गोष्ट वाटली असती, हे मला त्यांना सांगायचं होतं.

तीन महिन्यांनी, २३ जून २०१६ ला मतदान झालं. देशात ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने. स्पॉल्डिंग ज्यात येतं त्या साउथ हॉलंड जिल्ह्यात ७३.६, आणि बॉस्टनमध्ये ७५.६, सगळ्या देशात सर्वांत जास्त. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने राहायचं म्हटलं होतं, त्यांनाही बरोबर बाहेर पडावं लागलं.

मला तेव्हापासून एका गोष्टीची हळहळ वाटत आली आहे. ज्या एकसंध बाजारपेठेतून ब्रिटन निघून गेलं ती त्यांनीच मागून घेतलेली होती. १९८५ साली तिचा आराखडा लिहिला तो लॉर्ड कॉकफील्ड यांनी, आणि त्यांना ब्रसेल्सला धाडलं होतं मार्गारेट थॅचर यांनी. देशादेशांच्या सीमांवर ट्रक थांबू नयेत, एका ठिकाणी पास झालेला माल सगळीकडे पास व्हावा, हा ब्रिटिश व्यापाऱ्याचा आग्रह होता. फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ साली दार लावून घेतलं होतं, तरी ब्रिटिश पुन्हा दाराशी आले, १९७३ ला आत गेले, १९७५ च्या सार्वमतात ६७ टक्क्यांनी राहायचं ठरवलं, आणि मग तिथे बसून नियम घडवले. इतकं करून पंगतीतला पाट सोडून द्यायचा, हे मला आजही पटत नाही.

बाहेर पडणं सरसकट तोट्याचंच असतं असं मी मानत नाही. ग्रीनलंड बाहेर पडलं आणि त्यात त्याचं भलं झालं. डेन्मार्क १९७३ ला आत गेलं तेव्हा ग्रीनलंडच्या सत्तर टक्के लोकांनी नको म्हटलं होतं, तरी त्यांना फरफटत जावं लागलं. त्यांच्याकडे विकायला मासळी होती आणि मासळीच होती, आणि त्यांच्या पाण्यात दुसऱ्यांचे ट्रॉलर जाळी टाकत होते. १९७९ ला स्वराज्य मिळाल्यावर त्यांनी १९८२ मध्ये मत घेतलं, ५३ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने आले आणि १९८५ ला ते बाहेर पडले. पण जाताना त्यांनी सौदा केला: तुमच्या बोटींना आमच्या पाण्यात ठरावीक मासळी, त्याचे पैसे आम्हाला, आणि आमची मासळी तुमच्या बाजारात बिनजकाती. पन्नास हजारांची वस्ती, एक जिन्नस, आणि तो समोरच्याला हवाच आहे. कशासाठी निघतोय आणि निघताना काय मागायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ब्रिटनमध्ये मतपत्रिकेवर फक्त राहायचं की निघायचं एवढंच होतं. निघून कुठे जायचं यावर पुढची साडेतीन वर्षं त्यांची संसद भांडत राहिली.

३१ जानेवारी २०२० ला ते निघाले, आणि वर्षअखेर संक्रमणाचा काळ संपला. त्यानंतरचं सगळं मी लांबून पाहिलं, पण धंद्यामुळे जरा बारकाईने. युरोपला मांस, चीज पाठवायचं तर प्रत्येक खेपेला पशुवैद्याच्या सहीचा दाखला. काही किनाऱ्यांवरचे जिवंत शिंपले तर युरोपला जाणंच बंद झालं. युरोपच्या ‘सीई’ शिक्क्याऐवजी स्वतःचा वेगळा शिक्का काढायचं ठरलं होतं. तो पुढे ढकलत ढकलत २०२३ मध्ये सरकारने सांगितलं की बहुतेक मालाला जुना शिक्का कायम चालेल. कारखानदाराला एका मालाची दोनदा तपासणी परवडत नव्हती. कोबी कापायला माणसं लागतातच, म्हणून २०१९ मध्ये हंगामी व्हिसांची मर्यादा अडीच हजारांची ठेवली, २०२४ पर्यंत ती पंचेचाळीस हजारांवर गेली. आता त्या रानात किरगिझस्तान, ताजिकिस्तानची पोरं राबतात, सहा महिने राहतात आणि परत जातात. ब्रिटनच्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाचा अंदाज असा की संघात राहिले असते त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घ काळात चार टक्क्यांनी कमी राहील.

चार टक्के हा आकडा एका वर्षात दिसत नाही. भुरी पडली तर बाग सकाळी ओरडून सांगते. जमिनीत क्षार चढत गेले तर पाच वर्षांनी उतारा का घटला म्हणून माणूस विचारात पडतो. हे त्यातलं दुसरं आहे.

दुसऱ्या पारड्यात काय पडलं तेही सांगायला हवं. स्वतःचे व्यापार करार करण्याची मोकळीक त्यांना मिळाली, आणि त्यातला एक आमच्याशीच झाला. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटनच्या करारावर सह्या झाल्या. संघात असते तर हा करार त्यांना एकट्याने करता आला नसता. आमच्या बाजूने मला त्याचा आनंद आहे. पण ब्रिटिश सरकारचा स्वतःचा हिशोब सांगतो की यातून त्यांच्या अर्थव्यवस्थेत ०.१३ टक्क्याची भर पडेल, तीही लांबच्या मुदतीत. आणि सहा महिन्यांनी, जानेवारी २०२६ मध्ये, उरलेल्या सत्तावीस देशांनीही एकत्र बसून भारताशी आपली बोलणी पुरी केल्याचं जाहीर केलं.

पैशाच्या हिशोबात मी म्हाताऱ्याला खोटा पाडू शकतो. पण त्यांचा प्रश्न पैशाचा नव्हताच. मला कोणी विचारतं का, हा होता. आमच्या लासलगावच्या बाजारात कांद्याच्या निर्यातबंदीचा कागद येऊन पडतो, ट्रॅक्टर भरून आणलेला माणूस लिलावाच्या ओट्यावर उभाच राहतो, तेव्हा त्याच्या तोंडात हाच प्रश्न असतो. तो प्रश्न मला हलका वाटत नाही. शंभर रुपये कमी मिळाले तरी चालतील, पण आपल्या रानात आपल्याला धरून निर्णय व्हावा, असं वाटणारा माणूस अडाणी नसतो. माझं दुखणं एवढंच आहे की त्यांना जे हवं होतं ते बाहेर पडून मिळालं नाही. रेपसीडवरच्या त्या बंद औषधाच्याच जातीचं औषध बीटच्या बियाण्याला लावायची तातडीची परवानगी लंडनने २०२१ पासून चार वर्षं दिली, आणि २०२५ मध्ये नाकारली. नाकारणारं कार्यालय जवळ आलं, बांधावरचा माणूस होता तिथेच राहिला.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ पुन्हा एका टेबलावर बसले. अन्न आणि वनस्पतींच्या बाबतीत सीमेवरच्या तपासण्या कमी करायच्या, त्या बदल्यात ब्रिटनने युरोपचे नियम बदलतील तसे पाळत जायचं, असं तत्त्वतः ठरलं. नियम घडताना त्यांना बोलता येईल, मत मात्र देता येणार नाही. ही बातमी वाचली त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पंगतीतून उठून ते आमच्या शेजारी, दारात येऊन उभे राहिले होते.

यंदा गोडी छाटणीच्या आधी दादाने नवी वही आणली. मी शेडमध्ये बसून त्याला मोबाइलवरून मर्यादेचे आकडे वाचून दाखवत होतो आणि तो लिहीत होता. बेलफास्टला थेट जाणाऱ्या मालाला युरोपची यादी, बर्मिंगहॅमला जाणाऱ्याला ब्रिटनची. उत्तर आयर्लंड त्याच देशात असून या बाबतीत युरोपच्या नियमात राहिलं आहे. दादाने ते मला दोनदा सांगायला लावलं. बरीच औषधं दोन्हीकडे सारखी होती, काहींचे आकडे वेगळे व्हायला लागले होते. पुतण्या पलीकडे कात्र्यांना धार लावत होता. त्याने विचारलं, “पप्पा, यातलं आपण कोणतं धरायचं?”

“जो आकडा लहान असेल तो,” दादा म्हणाला, आणि पट्टी सरळ करून त्याने दोन रकान्यांच्या मधली रेघ मारली.