मांडी घालून बसलेलं व्हायोलिन

व्हायोलिन हे मूळचं उभ्याने किंवा खुर्चीत बसून वाजवायचं वाद्य. ते हनुवटीखाली दाबायचं, समोर स्टँडवर नोटेशनचा कागद ठेवायचा आणि नजर त्या कागदावर. आपल्याकडे आल्यावर त्यानं मांडी घातली. त्याचं डोकं वादकाच्या पायावर टेकलं, बूड छातीशी आलं. दिसायला बदल किरकोळ, पण डावा हात वाद्याचा भार पेलण्यातून सुटला आणि बोट तारेवरून मंद्रापासून तारसप्तकापर्यंत बेलाशक घसरू लागलं. तिथून मींड शिरली आणि तिच्या मागोमाग गाणं.

दक्षिणेत हे व्हायोलिनवादक बाळुस्वामी दीक्षितरांच्या काळातच, एकोणिसाव्या शतकात, घडून गेलं होतं. उत्तरेकडच्या गवयांना मात्र पुढे शंभरेक वर्षं या फिरंगी पाहुण्याशी काय बोलावं ते उमगत नव्हतं. ही कोंडी फोडणाऱ्या मोजक्या माणसांत गजाननबुवा जोशी येतात. माझ्या लेखी ते पहिल्या रांगेत येतात, आणि त्याचं कारण असं की ते नुसते वादक कधीच नव्हते.

त्यांचा जन्म १९११ सालचा. वडील अंतूबुवा जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे दरबारी गवई. म्हणजे ग्वाल्हेरची गायकी घरात पाण्यासारखी वाहत होती. एवढ्यावर एखाद्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. बुवांचं भागलं नाही. ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकले. जयपूरची तालीम घेण्यासाठी अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे गेले, आग्ऱ्याच्या गायकीसाठी विलायत हुसेन खाँसाहेबांकडे. घराण्यांच्या भिंती उंच होत्या, एकाचा गंडा बांधला की दुसऱ्याच्या ओसरीवर फिरकणंही अवघड, त्या काळातली ही गोष्ट. आज एका क्लिकवर तिन्ही घराणी ऐकणाऱ्यांना या हावरेपणाची किंमत कळणं कठीण आहे.

हे सगळं शिक्षण गळ्याचं. व्हायोलिन त्याच्या शेजारी बसून ऐकत असणार, आणि त्याचा परिणाम वाजवण्यात दिसतो. त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं खरखरीतली आहेत, तरी पहिल्या आवर्तनातच कळतं की हा माणूस मनात बंदिश म्हणतोय. व्हायोलिनला शब्द नाहीत. मग मुखडा ओळखायचा कशावरून? गजाच्या आघातावरून. कुठल्या अक्षरावर गज नवा लावायचा, कुठली दोन अक्षरं एकाच ओढीत घ्यायची, समेच्या आधी किती थांबायचं, हे ज्याला बंदिश तोंडपाठ आहे त्यालाच जमतं. गज उलटवताना स्वर तुटू न देणं ही कसरत सगळेच शिकतात. बुवा मात्र गवई जिथे श्वास घेईल तिथेच गज उलटवतात, आणि तो फरक ऐकणाऱ्याला जाणवतो. तानेत जयपूरची वळणं येतात, लयीशी झोंबताना आग्रा डोकावतो, पण बैठक ग्वाल्हेरचीच.

काळानंही थोडा हात दिला. १९४० साली आकाशवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे ठरीव स्वर रागातल्या श्रुतींना मानवत नाहीत, असा आक्षेप होता. पेटीवाल्यांचं नुकसान झालं हे खरं. पण सुरांच्या मधल्या जागा दाखवू शकणाऱ्या सारंगी-व्हायोलिनसारख्या वाद्यांना स्टुडिओत जागा मिळाली. गजाननबुवांचा बराच काळ आकाशवाणीच्या नोकरीत गेला.

त्याच काळात मुंबईत गोव्याहून आलेली माणसं हेच वाद्य वेगळ्या पोटापाण्यासाठी वाजवत होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदात नोटेशन वाचत होते, हार्मनी रचत होते. दोन्ही दुनिया लोकलच्या अंतरावर. या दोन दुनियांनी एकमेकांना निवांत ऐकलं असतं तर काय झालं असतं, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.

बुवांना १९७२ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये ते गेले. व्हायोलिनचा वारसा चिरंजीव मधुकर जोशींकडे आला. बुवांकडेच शिकलेल्या प्रभाकर जोगांनी सुधीर फडक्यांची साथ केली, गीतरामायणात वाजवलं आणि पुढे ‘गाणारं व्हायोलिन’ घेऊन मराठी भावगीतं घरोघर पोचवली. त्या कार्यक्रमाचं नाव ऐकून नाक मुरडणारे दर्दी मला भेटले आहेत. मला त्यात बुवांचीच शिकवण दिसते, फक्त ख्यालाऐवजी भावगीत.

खरी गंमत पुढेच आहे. बुवांचं नाव आज ज्यांच्यामुळे जास्त घेतलं जातं ते गाणारे आहेत. उल्हास कशाळकर, पद्मा तळवलकर, वीणा सहस्रबुद्धे. गळ्यामागून व्हायोलिन चालवणाऱ्या या माणसानं शेवटी गळेच घडवले. कशाळकरांची विलंबितातली बढत ऐकताना, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना ते मध्ये जी लांब, अखंड ओढ घेतात, तिथे मला गज ऐकू येतो. माझ्या शेजारी बसलेल्या एका जुन्या श्रोत्याला मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला वेड्यात काढलं. गज बिज काही नाही, म्हणाले, हे चोख ग्वाल्हेर आहे. असेलही. पण मग तो गज तरी कुठून आला होता?