मोडीतली खुर्ची

आमच्या सूनबाईंना जुने फर्निचर हवे होते. खारघरला बाराव्या मजल्यावर नवीकोरी जागा, भिंतींच्या रंगाचा वास अजून गेलेला नाही, आणि तिथे मांडायला जुन्या खुर्च्या! पण हल्ली तशी चालच पडली आहे म्हणतात. "बाबा, दुकानातले सगळे कोच एकाच चेहऱ्याचे असतात हो. मला जरा स्वभाव असलेली खुर्ची हवी," ती म्हणाली आणि जुन्या वस्तूंतला जाणकार म्हणून तिने मला बरोबर घेतले. मी जाणकार कसला? फार तर जुनी वस्तू!

हार्बरच्या गाडीने आम्ही सँडहर्स्ट रोडला उतरलो आणि चालत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर गेलो. शुक्रवार तेवढा टाळला. त्या दिवशी इथली दुकाने बंद असतात. एरवी मात्र सारे जग या गल्लीत येऊन पडलेले दिसते. जहाजावरची घड्याळे, बेल्जियमचे म्हणून दाखवले जाणारे आरसे, कर्णे हरवलेले ग्रामोफोन आणि छपरापर्यंत एकमेकांच्या खांद्यांवर चढलेल्या खुर्च्या.

त्यातल्या काळ्या, गोल पाठीच्या खुर्च्या मी लांबूनच ओळखल्या. धोबीतलावच्या इराण्याकडे अशाच खुर्चीवर बसून मी अर्धे कॉलेज पार पाडले. या घराण्याचा मूळपुरुष थोनेट नावाचा एक जर्मन सुतार. बीच नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर मऊ करून तो वाकवी. १८५९ साली त्याने व्हिएन्नात जी खुर्ची काढली ती सहा तुकड्यांची, दहा स्क्रूंची आणि दोन नटांची. सुट्ट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक मीटर लांबीरुंदीउंचीच्या एकाच खोक्यात मावत. मग त्या जगभर जातील नाही तर काय! आमच्या दाराशी न्हावाशेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले, परदेशचे सामान तिथे उतरू लागले, आणि आम्हांला वाटले की जग आत्ता कुठे आमच्याकडे यायला लागले. ते तर कधीचेच येऊन, इराण्याकडे चहा पीत बसले होते.

मी एक खुर्ची उलटी केली. बैठकीच्या कड्याला आतून कारखान्याचा शिक्का किंवा चिठ्ठी असते. इथे ती नव्हती, पण लाकूड जुने होते. खोटे जुनेपण बहुधा दर्शनी बाजूलाच असते. खालून पाहिले की नवे लाकूड उघडे पडते. सूनबाई माझ्याकडे कौतुकाने पाहू लागली आणि सहा खुर्च्यांचा सौदा सुरू झाला.

मी तिथून जरा बाजूला झालो, आणि मागच्या अंधारात ती दिसली. सागवानी, वेताच्या विणीची, लांब हातांची आरामखुर्ची.

अशी खुर्ची आमच्या गिरगावच्या चाळीत वडिलांची होती. तिचा मागचा एक पाय तोकडा. त्याखाली ते ट्रामच्या तिकिटांची घडी ठेवीत. १९६४ साली ट्राम बंद झाली तरी घडी तीच राहिली. डाव्या हातावर गरम बशी ठेवून ठेवून पांढरे वर्तुळ उमटले होते. १९८३ साली आम्ही वाशीला सिडकोच्या दोन खोल्यांत राहायला निघालो. ट्रक खाली उभा होता, खाडीपूल ओलांडून पुन्हा दुसरी खेप करायची नव्हती, आणि रेक्झिनचा नवा सोफासेट मी हप्त्याने घेऊन ठेवला होता. मी खुर्ची भंगारवाल्याला दिली. पंचवीस रुपयांना. वडिलांना विचारले होते, नाही असे नाही. ते म्हणाले, "दे बाबा. जागा कुठे आहे?"

पुढे सहा वर्षे ते आमच्याबरोबर होते. त्या सोफ्यावर ते कधी रेलून बसले नाहीत. कडेला, ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. पाहुणा बसतो तसे. मला ते दिसत होते. पण सोफ्याचे हप्ते अजून फिटायचे होते.

मी वाकून मागचे पाय चाचपले. दोन्ही सारखे. डावा हात अंगरख्याच्या बाहीने पुसला. वर्तुळ नव्हते. चाळीस वर्षांनी असायचे तरी कशाला? दुकानदार हसून म्हणाला, "चाचा, बैठो. बैठने का पैसा नहीं लगता."

मी बसलो. वेत जरा करकरला. तिकडे सौदा तुटला असावा, कारण सूनबाई शेजारी येऊन केव्हा उभी राहिली ते मला कळलेच नाही.

"बाबा, ही पण घ्यायची का?"

"केवढ्याला आहे?"

"अठ्ठावीस हजार म्हणतोय. पंचवीसला देईल."

पंचवीस! मी घाईघाईने उठू लागलो. "छे, छे! एवढे धूड घेऊन करायचे काय? जागा कुठे आहे?"

ती काही बोलली नाही. तिने पर्समधून मोजायची टेप काढली आणि एक टोक माझ्यापुढे केले.

"उठू नका, बाबा. हे तेवढे धरा."