बुचाची पट्टी

खंडेनवमीला आमच्या घरी ज्या शस्त्रांची पूजा होते, त्यांत एक विळी, वडिलांचे फाउंटन पेन, पान्ह्यांची पेटी आणि अंगणात उभी असलेली जुनी फियाट एवढ्यांचा समावेश असतो. गेल्या वर्षी गाडीला झेंडूची माळ घालून चाकापुढे लिंबू ठेवायला मी वाकलो आणि तिच्या पोटाखाली फरशीवर मला एक काळा, तकतकीत डाग दिसला. रुपयाएवढा. बोटाने पुसला, बोट नाकाशी नेले. इंजिनाचे तेल!

मी तिकडे काणाडोळा केला. म्हाताऱ्या माणसाचे नाक आणि जुन्या गाडीचे इंजिन ही थोडीफार गळायचीच, असे म्हणून हात धुऊन टाकले. पण कोजागरीपर्यंत तो रुपया बशीएवढा झाला, आणि ज्या जागी दिवाळीची मोठी रांगोळी निघते नेमक्या त्याच जागी झाला. तेव्हा सौभाग्यवतींनीही त्याची दखल घेतली. "अहो, फरशीचं काय ते बघा," एवढेच ती म्हणाली. एवढ्या तीन-चार शब्दांत बायका केवढे बोलतात, ते संसारी वाचकांना सांगायला नकोच.

फियाट म्हणतो खरे, पण कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी. कित्येक वर्षे नंबर लावून वाट पाहिल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती 1979 साली घेतली. तिच्या कागदांवर आमचे गाव अजून उस्मानाबादच आहे. 2023 साली ते सरकारदरबारी धाराशिव झाले; आईच्या तोंडी मात्र ते आधीपासून धाराशिवच होते. गाडीचा नकाशा इटलीचा, बांधणी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातली. तो कारखाना ज्यांच्या कंपनीचा, ते वालचंद हिराचंद 1882 साली सोलापुरात जन्मलेले. 1944 साली त्यांनी ही मोटारींची कंपनी काढली. एवढ्या धाग्यावर अण्णा गाडीला 'सोलापूरकरांची लेक' म्हणत आणि वकिली थाटात हे नाते पाहुण्यांना पटवूनही देत. या लेकीचे भाऊबंद निघायचे थांबले त्यालाही आता दोन तपे होत आली.

मी गाडी एका गॅरेजात नेली. तेथल्या तरुणाने खाली वाकून विजेरी मारली. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडलेले असतात तेथे थेंब लोंबत होता. "मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवावा लागंल," तो म्हणाला, आणि पुढे जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्ची मागितली.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, विकून टाका. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यात आता हा खर्च. कुणी हौशी माणूस घेईल तरी." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. मी आईकडे पाहिले. ती अठ्ठ्याऐंशी वर्षांची. वाती वळता वळता ती म्हणाली, "देवी सिंहासनावर बसली का?"

दसऱ्यानंतर तुळजापूरची भवानी श्रमनिद्रा घेते आणि अश्विनी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्यानंतरची पायी येणाऱ्यांची गर्दी ओसरली की दर्शनाला जायचे, हा आईचा नेम. आणि जायचे ते अण्णांच्या गाडीने. वीस-बावीस किलोमीटरची तर वाट. मुलाच्या नव्या गाडीत बसायला तिची ना नसते, पण तुळजापूरला नाही.

तेव्हा मला आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींची आठवण झाली. अण्णांच्या वेळेपासून गाडी पाहणारे. आता डोळ्यांनी दिसत नाही म्हणून काम सोडलेले. त्यांना रिक्षाने आणले. त्यांनी गाडीखाली पाहिलेच नाही. बॉनेट उघडायला लावले आणि इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या कडेने, मागच्या बाजूने, हळूच बोट फिरवले. "सायेब, तेल खाली उतरतंय, चढत न्हाई. वरून बघत या. सील गेलं का न्हाई ते मागनं ठरवू."

पुढची कृती त्यांनी सांगितली ती अशी. इंजिन गार असताना रॉकेलचा बोळा फिरवून बाहेरून लख्ख पुसायचे. पूर्ण वाळू द्यायचे, कारण रॉकेल आणि गरम इंजिन यांची गाठ घालणे बरे नव्हे. मग अंगाला लावायची पावडर कोरड्या कुंचल्याने सगळीकडे भुरभुरायची, गाडी थोडा वेळ चालू ठेवायची आणि बंद करून बघायचे. सौभाग्यवती रांगोळीचा डबा घेऊन आली, तेव्हा मिस्त्रींनी हात जोडले. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा. आत शिरली तर इंजिन खाईल. शेवटी आईच्या पावडरीचा डबा कामी आला.

मुलगा दिवाळीसाठी आला त्या दिवशी आम्ही दोघांनी हे सारे केले. इंजिन पांढरेशुभ्र, पिठात हात घातलेल्या पोरासारखे. दहा मिनिटे ते गुरगुरले. मग विजेरी मारली, तर झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून एक बारीक काळी रेघ निघून इंजिनाच्या पाठीवरून घरंगळत खाली गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत गेली होती. सांधा स्वतः कोरडा. "अरेच्चा!" मुलगा म्हणाला. संगणकाच्या कामातही असेच होते म्हणे: बिघाड दिसतो एकीकडे, असतो दुसरीकडे.

झाकण काढले. खालची बुचाची पट्टी उन्हात वाळवलेल्या पापडासारखी कडक. बोट लावताच तुकडे. ते तुकडे आत पडू नयेत म्हणून भोकांत स्वच्छ फडकी कोंबली आणि बोथट पात्याने सगळे खरवडले. झाकण उलटे धरून पाहिले, तर नटांच्या जागी त्याची कड दबलेली. थोडे तेल दिसले की पाना घेऊन आवळायचे, ही अण्णांची सवय. जितके आवळावे तितका पत्रा वाकतो आणि दोन नटांच्या मधली फट वाढते. मुलगा लाकडी ठोकळ्यावर झाकण ठेवून हलक्या हाताने कड सरळ करू लागला. एका जागी त्याचा हात थांबला. "इथे फारच आवळलंय आजोबांनी."

मग मी त्याला ती गोष्ट सांगितली. त्याचा जन्म 1995 चा. त्याला कोणी कधी सांगितलीच नव्हती. 30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून लोक निजले होते. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. केंद्र किल्लारीला, लातूर जिल्ह्यात. पण आमच्या जिल्ह्यातल्या उमरगा भागातही सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. उजाडताना अण्णा ही गाडी घेऊन सास्तूरच्या बाजूला निघाले ते तिसऱ्या रात्री परतले. किती जखमींना त्यांनी सोलापूरच्या दवाखान्यात पोहोचवले, कोण वाटेत राहिले, ते कधी बोलले नाहीत. आल्यावर विहिरीवर जाऊन त्यांनी एकट्यानेच गाडी धुतली. मी मदतीला गेलो तर "तू आत जा" म्हणाले. मागच्या बैठकीचे कापड काढून जाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन ते इंजिनाशी उभे दिसले. तीन दिवस पावसाचिखलात धावून तेल गळू लागले होते, आणि ते नट आवळत होते. आवळतच होते. आईने येऊन हातातला पाना काढून घेतला.

मुलगा काही बोलला नाही. कड ठोकत राहिला.

तयार पट्टी मिळणार नव्हती. सोलापूरहून मी बुचाचा एक तावच आणून ठेवला होता. झाकणाच्या कडेला तेलाचा हात फिरवून ते तावावर दाबले, की शिक्क्यासारखा ठसा उठतो. त्यावरून कात्रीने कापायचे. हे बूच म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडच्या ओक जातीच्या झाडाची साल. ती साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात आणि झाड जगते ते जगतेच. आमच्या अंगणात गाडीवर सावली धरणारे झाडही बुचाचेच, मात्र वेगळ्या कुळातले. त्याची साल हलकी, असल्या कामाची नाही. पण दिवाळीच्या सुमारास रात्रभर लांब देठांची पांढरी फुले टपटपत असतात, तसली पोर्तुगालच्या झाडाला कुठून येणार?

झाकणाच्या बाजूने शेलॅकचा पातळ हात दिला, इंजिनाच्या बाजूने काही नाही. नट हाताने बसवून मग थोडा हा, थोडा तो, असे पाळीपाळीने आवळले. पट्टी जराशी दबली की थांबायचे, असे मिस्त्रींनी चारदा बजावले होते. हे सारे काम उभ्याने झाले, हे माझे नशीब. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये हा अण्णांचा नियम मी या वयात मोडणार नव्हतो. गाडी फिरवून आणली, गार होऊ दिली, नट तपासले आणि रात्री तिच्याखाली वर्तमानपत्र पसरले.

वसुबारसेच्या पहाटे मी विजेरी घेऊन अंगणात गेलो, तर मुलगा आधीच उकिडवा बसलेला. कागदावर एक थेंब होता. मोहरीएवढा. आमचे दोघांचे चेहरे पडले. फोनवर मिस्त्री हसले, "खाचेत अडकलेलं जुनं तेल हाय ते. दोन दिस वाट बघा." धनत्रयोदशीच्या सकाळी कागद कोरडा होता, वाऱ्याने सरकलेली बुचाची दोन फुले तेवढी त्यावर. सौभाग्यवतीने राख आणि सोडा लावून फरशी घासायला घेतली.

आठ वाजता आई पुढच्या बैठकीवर बसली, मांडीवर ओटीचे सामान. मुलगा म्हणाला, "आज मी चालवतो." गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो हे त्याला ऐकूनच ठाऊक. फाटकाबाहेर येईतो गाडी दोनदा धक्के देऊन बंद पडली.

"पडू दे," आई म्हणाली. "तुझ्या आजोबांची पहिल्या दिवशी तीनदा पडली होती. क्लच हळू सोड."