ताटातली लिंबाची फोड

आज भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि ओला हरभरा, गाजर, वांगं, घेवडा घातलेली लेकुरवाळी भाजी. थंडीतलं हे ताट मला फार शहाणं वाटतं. बाजरीत लोह, तिळात कॅल्शियम. पण धान्यातलं लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा आडवा येतो. लोह कमी पडलं की घरोघरी बायका दमतात, त्यांना चक्कर येते, आणि कामाचा शीण म्हणून त्या ते अंगावर काढतात. हिमोग्लोबिन तपासायलाच हवं. गरज असेल तर डॉक्टर गोळ्या देतील. पण रोज ताटात लिंबाची फोड असावी, चहा तासाभराने व्हावा आणि घरातल्या बाईनेही सगळ्यांबरोबर बसून पोटभर जेवावं.